मेणवलीच्या घंटेवर मेरीमाता कशी आली? मध्ययुगीन ख्रिस्ती कलेचा आपल्याकडचा ठेवा

‘स्वदेस’ सिनेमातला नदीकाठचा घाट आठवतोय? तो घाट सातारा जिल्ह्यातल्या वाईजवळच्या मेणवली गावचा. कृष्णेच्या काठी, नाना फडणवीसांच्या वाड्याच्या मागे. तिथे मेणेश्वराचं देऊळ आहे आणि जवळच एका छोट्या दगडी मनोऱ्यात मोठी घंटा टांगलेली आहे. पंचधातूची आणि वजनाला साडेसहाशे किलोच्या आसपास.

घंटेजवळ जाऊन नीट पाहिलं, तर तिच्या अंगावर बाळ घेतलेली एक आई दिसते. ही यशोदा नाही आणि पार्वतीही नाही. ही आहे बाळ येशूला घेतलेली मेरीमाता. घंटेवर साल आहे १७०७.

पेशवाईतल्या एका मोठ्या कारभाऱ्याच्या घाटावर, महादेवाच्या देवळाशेजारी मेरीमाता कशी आली? त्याचं छोटं उत्तर म्हणजे वसईची लढाई. पण मोठं उत्तर शोधायला गेलं की आपण कल्याण, ठाणे, गोवा असं फिरत लिस्बन आणि लंडनच्या म्युझियमपर्यंत पोहोचतो. वाटेत आणखी एक गोष्ट लक्षात येते. आपल्या भागात जी ख्रिस्ती कला घडली, तिचा विषय बाहेरून आला होता, पण ती घडवणारे बरेचसे हात इथलेच होते.

‘मध्ययुगीन’ म्हणजे नेमकं कधी?

इथे एक घोळ होतो. युरोपच्या इतिहासात मध्ययुग म्हणजे साधारण पाचव्या ते पंधराव्या शतकाचा काळ. आपल्याकडे मात्र शिवाजी महाराज आणि पेशवे आपण ‘मध्ययुगीन भारता’च्या पुस्तकात शिकतो. सातवीचं इतिहासाचं पुस्तक आठवून बघा. म्हणजे आपलं मध्ययुग थेट अठराव्या शतकापर्यंत येतं.

त्यामुळे गोव्यात सोळाव्या-सतराव्या शतकात घडलेली हस्तिदंती मूर्ती युरोपच्या हिशेबाने मध्ययुगानंतरची ठरते आणि आपल्या हिशेबाने मध्ययुगीन. या लेखात आपण आपलाच हिशेब धरू. तसंही या वस्तूंमागची बरीचशी चिन्हं आणि कल्पना युरोपच्या मध्ययुगातूनच आलेल्या आहेत. त्या इथे पोहोचल्या आणि इथल्या कारागिराच्या हाताखालून गेल्या.

पोर्तुगीजांच्या आधीही खुणा आहेत

ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांबरोबर भारतात आला, असं अनेकांना वाटतं. पण केरळात तो त्यांच्या कितीतरी आधीपासून होता. पश्चिम किनाऱ्यावर इतरत्रही त्याच्या खुणा सापडतात.

सहाव्या शतकात कॉसमस नावाच्या ग्रीक लेखकाने हिंदी महासागरातल्या व्यापाराबद्दल लिहिलं. पर्शियातून नेमला गेलेला एक बिशप ‘कॅलियाना’ नावाच्या बंदरात राहतो, अशी नोंद त्याने केली आहे. हे बंदर म्हणजे आपलं ठाण्याजवळचं कल्याण, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

दगडातला पुरावा गोव्यात मिळाला. २००१ साली गोव्यातल्या आगशी गावाजवळ एक दगडी क्रूस सापडला. त्यावर पहलवी लिपीतला लेख आहे. पहलवी म्हणजे जुन्या इराणची लिपी. असेच क्रूस चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर आणि केरळमध्ये कोट्टायमच्या जुन्या चर्चमध्ये आहेत. अभ्यासक हे क्रूस साधारण सातव्या ते नवव्या शतकातले मानतात. आगशीचा क्रूस आता पिलार इथल्या सेमिनरीच्या संग्रहात आहे.

या प्रकारच्या क्रूसावर येशूची आकृती नसते. क्रूसाची टोकं कळीसारखी उमललेली असतात आणि तळाशी पानं किंवा पाकळ्या असतात. आजूबाजूला खांब आणि कमान कोरलेली असते. एखाद्या देवळाच्या कोनाड्यात मूर्ती बसवावी, तसा तो क्रूस कमानीत बसवलेला दिसतो.

आणखी एक घटना ठाण्यातली आहे. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले. पुढे ओदोरिक नावाचा दुसरा साधू इथे आला आणि त्यांची हाडं बरोबर घेऊन थेट चीनपर्यंत गेला. आज हे वाचताना विचित्र वाटतं. पण मध्ययुगीन ख्रिस्ती कला समजून घ्यायची असेल, तर हाडांचा हा प्रवास समजून घ्यावाच लागतो.

हाडं, भाकरी आणि सोनं

मध्ययुगात संतांचे अवशेष फार पवित्र मानले जात. हाडाचा तुकडा असो, केस असोत किंवा वस्त्राची चिंधी, ती ठेवायला सोन्या-चांदीची, मीनाकारीची पात्रं घडवली जायची. आपण त्यांना अवशेषपात्र म्हणू. स्तूपात बुद्धाच्या अस्थी ठेवलेल्या करंडकाची कल्पना डोळ्यासमोर आणा, म्हणजे हे लगेच समजेल. आज पॅरिसचं क्लूनी म्युझियम असो की न्यूयॉर्कमधलं ‘द क्लॉइस्टर्स’, तिथल्या काचेच्या कपाटांत अशी अवशेषपात्रं मांडलेली आहेत.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर. ती ठेवायची वेदीवरची छोटी पेटी म्हणजे टॅबरनॅकल. ती भाकर भाविकांच्या दर्शनासाठी धरायचं पात्र म्हणजे मॉन्स्ट्रन्स. द्राक्षारसाचा पेला म्हणजे चॅलिस. म्युझियममध्ये ख्रिस्ती कलेच्या दालनात गेलात की हे तीन शब्द वारंवार भेटतात. तेवढे लक्षात ठेवले तरी अर्धं काम होतं.

याचं एक नावाजलेलं उदाहरण लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात आहे. ते म्हणजे ‘बेलेम मॉन्स्ट्रन्स’. साल १५०६. त्यातलं सोनं वास्को द गामाने भारताच्या दुसऱ्या सफरीत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या किल्वाच्या राजाकडून खंडणी म्हणून नेलं होतं. म्हणजे युरोपातल्या वेदीवर चमकणारं सोनं हिंदी महासागरातून गेलेलं होतं. कला आणि सत्ता किती जवळ नांदत होत्या, हे त्या एका वस्तूतून कळतं.

गोव्यात मूर्ती कोण घडवत होतं?

१५१० साली अल्बुकर्कने गोवा जिंकला. त्यानंतर तिथे चर्च आणि मठ उभे राहू लागले. त्या प्रत्येकासाठी वेद्या, मूर्ती, क्रूस, चांदीची पात्रं, भरतकामाची वस्त्रं हवी होती. एवढं सगळं जहाजांत भरून पोर्तुगालहून आणणं शक्य नव्हतं.

गोव्यात मात्र सोनार, सुतार, कासार आणि मूर्तिकार होतेच. त्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब होतं. मग काम त्यांच्याकडे गेलं. राउलू नावाचा गोव्याचा एक सोनार तर १५१८ च्या सुमारास लिस्बनला जाऊन राजा मॅन्युएलसाठी काम करत होता.

पण हे चित्र इतकं गोड नाही.

याच काळात तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीतली देवळं पाडली जात होती. आपल्यातल्या अनेकांची कुलदैवतं गोव्यात आहेत. त्यांचा इतिहास घरात विचारून बघा. मंगेशी कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आणि म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. हे देव पोर्तुगीजांच्या हद्दीतून नदीपलीकडे न्यावे लागले होते. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं. धर्माविरुद्ध वागल्याच्या आरोपावरून चौकशी आणि शिक्षा करणारं हे न्यायालय मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं.

याच काळात हिंदू कारागीर ख्रिस्ती मूर्ती घडवत होते. चर्चच्या अधिकाऱ्यांना ते खटकत होतं. १५६७ साली गोव्यात पहिली प्रांतिक धर्मसभा भरली. हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती पूजेच्या वस्तू करून घेऊ नयेत, असं तिने ठरवलं. पुढेही असे हुकूम निघत राहिले. तोच हुकूम पुन्हा पुन्हा काढावा लागतो, याचा अर्थ उघड आहे. तो कुणी फारसा पाळत नव्हतं. काम चांगलं हवं असेल, तर त्याच कारागिराचं दार ठोठवावं लागत होतं.

म्हणजे एकीकडे देऊळ पाडलं जातंय आणि दुसरीकडे देवळासाठी कोरणारा हातच चर्चच्या वेदीसाठी कोरतोय. गोव्याची ख्रिस्ती कला या पेचातून जन्मली. ती बघताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात.

त्या हाताची ओळख कशी पटते?

आपल्या परभणी जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला किंवा गंगाखेड तालुक्यातल्या धारासूरच्या गुप्तेश्वराला गेलं, की जुन्या देवळांच्या दगडात कमळं, वेली, पशू-पक्षी, स्त्रीमूर्ती दिसतात. कारागिराच्या डोक्यात अशा आकृत्यांचा एक साठाच असतो. काम बदललं, धनी बदलला, तरी तो साठा डोक्यातून जात नाही.

गोव्यातल्या काही चर्चमध्ये प्रवचनाचं लाकडी व्यासपीठ पाहिलं की याचा प्रत्यय येतो. व्यासपीठाला खालून आधार देणाऱ्या आकृत्या कमरेच्या वर बाईच्या आणि खाली सापासारख्या वळणाच्या असतात. युरोपातला माणूस त्यांना जलपरी म्हणेल, तर आपण नागकन्या म्हणू. कोरणाऱ्याच्या मनात काय होतं, हे ओळखायला फार डोकं लढवावं लागत नाही.

तीन वस्तू, तीन गोष्टी

पहिली वस्तू: झोपलेला बाळ मेंढपाळ

गोव्याच्या हस्तिदंती कामातला हा सगळ्यात ओळखीचा प्रकार आहे. त्याला ‘चांगला मेंढपाळ’ म्हणतात. बायबलमध्ये येशूला मेंढपाळाची उपमा दिलेली आहे, तिथून ही कल्पना आली.

मूर्ती उभ्या डोंगरासारखी असते. सगळ्यात वर लहानगा येशू बसलेला. अंगात लोकरीचा झगा, एक मेंढरू खांद्यावर आणि एक मांडीवर. गाल हातावर टेकलेला, डोळे मिटलेले, पायावर पाय टाकलेला. मधल्या टप्प्यात झरा असतो आणि त्याचं पाणी प्यायला पक्षी किंवा जनावरं आलेली असतात. तळाच्या गुहेत मेरी मॅग्डालीन आडवी होऊन चिंतनात बुडालेली असते.

युरोपात मेंढपाळ येशूच्या मूर्ती होत्याच. पण डोळे मिटून शांत बसलेलं हे बाळ, डोंगरासारखी उतरंड, झाडं आणि जनावरांची गर्दी, ही सगळी मांडणी गोव्याची खासियत झाली. काही अभ्यासकांना त्यात ध्यानस्थ बुद्धाची छाया दिसते, तर काहींना गुराख्याच्या रूपातला बाळकृष्ण आठवतो. कारागिराने यावर काही लिहून ठेवलेलं नाही. पण मूर्ती समोर ठेवली की आपल्यालाही काहीतरी ओळखीचं वाटतं, हे खरं.

अशा मूर्ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आणि बाल्टिमोरच्या वॉल्टर्स म्युझियममध्येही. घरोघरी पूजेसाठी आणि परदेशी पाठवण्यासाठी त्या मोठ्या संख्येने घडवल्या जायच्या. हस्तिदंत बहुतेक पूर्व आफ्रिकेतून, मोझांबिककडून यायचा. म्हणजे माल आफ्रिकेचा, कल्पना बायबलची, हात गोव्याचा आणि गिऱ्हाईक पोर्तुगालचं.

हस्तिदंताची आणखी एक गंमत आहे. हत्तीचा सुळा वाकडा असतो. त्यामुळे त्यात कोरलेली उभी मूर्ती किंचित एका बाजूला झुकते. पॅरिसच्या लूव्हरमध्ये सँत शापेल या चर्चमधली तेराव्या शतकातली मेरीची हस्तिदंती मूर्ती आहे. कडेवर बाळ घेतलं की बाईचं शरीर जसं कलतं, तसा तिचा डौल आहे. शिल्पकाराने सुळ्याची वक्रता मूर्तीत सामावून घेतली. गोव्याच्या कारागिरापुढेही तोच सुळा होता आणि तीच अडचण होती.

दुसरी वस्तू: पेलिकन पक्षी

जुन्या गोव्यातल्या ‘म्युझियम ऑफ ख्रिश्चन आर्ट’मध्ये सतराव्या शतकातली एक चांदीची वस्तू बहुतेकांना थांबवते. टॅबरनॅकल आणि मॉन्स्ट्रन्स ही दोन्ही कामं करणारं हे पात्र पेलिकन पक्ष्याच्या आकाराचं आहे.

वेदीवर पक्षी कशाला? त्याचं उत्तर युरोपच्या मध्ययुगात आहे. तिथे प्राण्यांच्या गोष्टींची सचित्र हस्तलिखितं फार लोकप्रिय होती. पेलिकन मादी चोचीने स्वतःची छाती फोडते आणि त्या रक्तावर पिलांना जगवते, अशी समजूत त्यांत असे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हे खरं नाही. पण स्वतःचं रक्त देऊन लेकरांना वाचवणारा पक्षी हे येशूच्या बलिदानाचं चिन्ह बनलं आणि चर्चच्या खिडक्यांपासून चांदीच्या पात्रांपर्यंत सगळीकडे गेलं.

आपल्याकडे राजहंस दूध आणि पाणी वेगळं करतो म्हणतात, चातक फक्त पावसाचं पाणी पितो म्हणतात. हे दोन्ही पक्षी संतांच्या वाणीत आले, देवळांच्या भिंतींवर आले. पेलिकनचं तसंच आहे.

तिसरी वस्तू: झेवियरची चांदीची पेटी

ही म्युझियममध्ये नाही. ती जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकात आहे आणि गोव्याला गेलेल्या बहुतेकांनी ती लांबून पाहिलेली असते. संत फ्रान्सिस झेवियर यांचं शरीर ठेवलेली ही पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्या सोनारांनी घडवली. तिच्यावर झेवियर यांच्या आयुष्यातले प्रसंग चांदीच्या पत्र्यावर उठावात काढलेले आहेत. पेटीखालचा संगमरवरी चौथरा मात्र इटलीच्या फ्लॉरेन्सहून आला. तो टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने पाठवला होता आणि १६९८ मध्ये बसवला गेला.

एकाच ठिकाणी खाली फ्लॉरेन्सच्या शिल्पशाळेचं काम आणि वर गोव्याच्या सोनाराचं. पुढच्या वेळी तिथे गेलात तर फोटो काढण्याआधी दोन मिनिटं हे नीट बघा.

आणि एक पुस्तक, तेही मराठीत

वस्तूंबद्दल बोलताना ‘ख्रिस्तपुराण’ विसरून चालणार नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला. तो इथली भाषा शिकला, आपल्या ग्रंथांची धाटणी त्याने समजून घेतली आणि येशूची कथा मराठी ओवीत लिहिली. दहा हजारांहून अधिक ओव्या. हा ग्रंथ १६१६ साली सासष्टीतल्या राशोल इथे छापला गेला.

सोनाराने चांदीत जे केलं, तेच स्टीफन्सने उलट्या दिशेने भाषेत केलं. गोष्ट बायबलची आणि ओवी, उपमा, पुराणाचा थाट मराठीचा. त्याच्या सुरुवातीच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. त्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरहून तो पुन्हा छापला गेला.

पूजेची वस्तू म्युझियममध्ये कशी जाते?

वेदीवरची मूर्ती काचेच्या कपाटात कधी येते? बहुतेक वेळा काहीतरी मोडल्यावर.

१८३४ मध्ये पोर्तुगालने पुरुष साधूंचे मठ बंद केले आणि १८३५ मध्ये तो हुकूम गोव्यात लागू झाला. मठ ओस पडले. जुनं गोवे शहर साथीच्या रोगांनी आधीच रिकामं होत चाललं होतं. १८४३ मध्ये राजधानी पणजीला गेली. मठांमधल्या वस्तू काही चर्चमध्ये गेल्या, काही विकल्या गेल्या, काही जहाजाने बाहेर गेल्या. आज युरोप-अमेरिकेच्या म्युझियममध्ये दिसणाऱ्या गोव्याच्या वस्तूंपैकी काही व्यापारात गेल्या, काही भेटीदाखल गेल्या आणि काही या मोडतोडीत गेल्या.

सांता मोनिका हा जुन्या गोव्यातला जोगिणींचा भव्य मठ. त्याचं बांधकाम १६०६ मध्ये सुरू झालं. नव्या जोगिणी घेण्यावर बंदी आल्यावर तिथे उरलेल्या एकेक करून गेल्या. शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली.

याच मठाच्या चर्चमध्ये आज म्युझियम ऑफ ख्रिश्चन आर्ट आहे. हे म्युझियम १९९४ मध्ये सुरू झालं ते राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे जिथे ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं त्याच गावात. २००२ मध्ये ते सांता मोनिकात आलं. त्याच्या उभारणीत चर्चबरोबर ‘इन्टॅक’ ही वारसा जपणारी भारतीय संस्था आणि लिस्बनचं गुलबेंकियन फाउंडेशन यांचा वाटा होता. मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये ते नव्या रूपात खुलं झालं.

अशा वस्तू सांभाळणं जोखमीचं काम आहे. २०१२ मध्ये या म्युझियमवर दरोडा पडला आणि रात्रीच्या पहारेकऱ्याचा खून झाला. सोन्या-चांदीची जुनी वस्तू चोराला फक्त वजनाने दिसते. ती वितळवली, की तिच्यातला इतिहास कायमचा जातो.

चोराशिवाय आणखी शत्रू आहेत. गोव्याच्या पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. त्या ओढाताणीत मूर्तीवरचा रंग आणि सोन्याचा वर्ख सुटतो. वाळवी आतून पोखरते. हस्तिदंतही ओल-कोरड्याने तडकतो. चांदी काळवंडते आणि ती चमकवण्यासाठी वर्षानुवर्षं घासली, की त्यावरचं बारीक नक्षीकाम झिजून जातं. म्हणून म्युझियममध्ये हवेतला ओलावा आणि उजेड मोजून-मापून ठेवतात. मंद दिवे वाचवलेल्या विजेसाठी नसतात, ते वस्तूच्या जिवासाठी असतात.

आता पुन्हा घंटेकडे

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीजांची उत्तर कोकणातली दोनशे वर्षांची सत्ता संपली. किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून आणल्या आणि त्या देवळांना दिल्या. मेणवलीची घंटा त्यातलीच. भीमाशंकरला एक आहे. नाशिकच्या पंचवटीत नारोशंकराच्या देवळावरची घंटा तर प्रसिद्धच आहे. तिच्यावर साल आहे १७२१. पंचवटीतून वाहत आलेली तीच गोदावरी पुढे आपल्या गंगाखेडला येते.

खरं तर घंटा ही पितळ-काशाची मौल्यवान वस्तू. त्या काळी घंटा वितळवून तोफा ओतण्याची पद्धत जगभर होती. इथेही तसं करता आलं असतं. निदान मेरीमातेची प्रतिमा आणि क्रूस छिन्नीने उडवणं तर सोपंच होतं. पण मेणवलीच्या घंटेवर माय-लेकरू आजही शाबूत आहे. तिचा आवाज मिस्सासाठी लोकांना बोलवायचा, तो देवळाचा झाला आणि प्रतिमा तशीच राहिली.

यावरून ‘सगळे किती गुण्यागोविंदाने राहत होते’ असा निष्कर्ष काढायची घाई नको. घंटा युद्धात जिंकून आणलेली आहे. वसईत हरलेल्यांची चर्च होती आणि त्याआधी गोव्यात पाडलेली देवळं होती. पण घंटेकडे फक्त लुटीची वस्तू म्हणून बघितलं, तरी आपण अर्धीच गोष्ट वाचतो. अडीचशेहून अधिक वर्षं ती एका हिंदू घाटावर सांभाळली गेली, हेही तिच्याच गोष्टीचं पान आहे.

वस्तू ‘वाचायची’ कशी?

म्युझियममध्ये पाटी वाचून पुढे सरकण्याऐवजी चार प्रश्न विचारून बघा.

१. कशाची आहे? हस्तिदंत असेल तर आफ्रिका, चांदी असेल तर समुद्री व्यापार. कच्चा माल कुठून आला, यावरून त्या काळाचा नकाशा कळतो.

२. हातात काय आहे? शंख-चक्र दिसलं की आपण विष्णू ओळखतो, त्रिशूळ दिसला की शंकर. ख्रिस्ती संतांचंही असंच आहे. किल्ल्या असतील तर संत पीटर, अंगात बाण रुतलेले असतील तर संत सेबॅस्टियन, मोडकं चाक असेल तर संत कॅथरीन, हातावर बाळ येशू घेतलेला साधू असेल तर संत अँथनी.

३. इथलं काय दिसतं? चेहऱ्याची ठेवण, कपड्याच्या चुण्या, कमळ, नाग, वेलबुट्टी. कारागिराची सही बहुतेक वेळा अशाच जागी सापडते, कारण नाव कोरायची मुभा किंवा प्रथा त्याला नव्हती.

४. झीज कुठे आहे? मूर्तीचे पाय किंवा पात्राची कड गुळगुळीत झाली असेल, तर तिथे शेकडो हात लागलेले आहेत.

कुठे बघता येईल?

जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकापासून सांता मोनिका मठ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथेच भारतीय पुरातत्त्व विभागाचं म्युझियमही आहे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या या म्युझियममध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रं आणि देवळांतली जुनी शिल्पं एकाच इमारतीत बघायला मिळतात.

गोवा लांब पडत असेल, तर मुंबईत गोरेगाव पूर्वेला मुंबईच्या कॅथलिक महाधर्मप्रांताचं हेरिटेज म्युझियम आहे. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला गेलात आणि हातात अर्धा दिवस असला, तर जाण्याआधी त्यांच्या वेळा विचारून घ्या.

जुनी वस्तू हाती लागली तर?

मूर्ती ख्रिस्ती असो, जैन असो की हेमाडपंती देवळातली, कायदा एकच आहे. जमिनीत पुरलेलं काही सापडलं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही आणि मूर्ती-शिल्पांसारख्या ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर तर वन्यजीव कायद्याने बंदी आहे. त्यामुळे सोशल मीडियावर ‘अँटिक हस्तिदंती मूर्ती विकणे आहे’ अशी पोस्ट दिसली, तर ती पुढे पाठवू नका.

आणि वाईला जाणं झालं, तर मेणवलीला वाकडी वाट करून नक्की जा. घाटावर रील करायला हरकत नाही. फक्त त्याआधी घंटेजवळ थांबून त्या माय-लेकराकडे आणि १७०७ या आकड्याकडे एकदा नीट बघून घ्या.